निम्म्या पुराव्यावरचं विज्ञान



वाराणसीत उभं राहून तंबाखूवर बोलायचं म्हणजे धाडसच. जेवणानंतर आपल्यातले अनेकजण पानवाल्यापुढे असतील आणि ‘जर्दा जरा कमी’ असं सांगतील. पण याच शहरातल्या पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वांत पुढे आहे, आणि परळच्या टाटा स्मारक केंद्राला २०१९ मध्ये इथे महामना मालवीयांच्या नावाचं कर्करोग केंद्र उभारावं लागलं. मी मात्र आज कर्करोगाच्या बऱ्याच आधीच्या टप्प्यावर बोलणार आहे. कोवळ्या वयात निकोटिन हाती आलं, तर नर आणि मादी सारखेच वागतात का?

या प्रश्नाचं उत्तर माणसांच्या मुलांवर प्रयोग करून शोधता येत नाही, म्हणून उंदीर. साधारण चार ते सहा आठवड्यांचा उंदीर पौगंडावस्थेत असतो. त्याच्या शिरेत बारीक नळी बसवतात. पिंजऱ्यातली कळ दाबली की निकोटिनचा ठरावीक डोस रक्तात जातो. घ्यायचं की नाही, किती घ्यायचं, हे उंदीरच ठरवतो. पुढच्या टप्प्यात प्रत्येक डोससाठी दाबांची संख्या वाढवत नेतात. ज्या आकड्यावर प्राणी नाद सोडतो, तो त्याच्या ओढीचं माप. डॉनी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रौढ उंदरांत हे माप घेतलं तेव्हा मादी अधिक चिवट निघाली. कमी डोसवर ती नरापेक्षा लवकर शिकलीही.

ड्यूक विद्यापीठात एडवर्ड लेव्हिन यांच्या गटाने वयाचा प्रश्न त्यात घातला. २००३ च्या प्रयोगात पौगंडावस्थेत सुरुवात केलेल्या माद्यांनी, प्रौढपणी सुरुवात केलेल्या माद्यांच्या जवळजवळ दुप्पट निकोटिन घेतलं आणि मोठ्या झाल्यावरही ते प्रमाण उतरलं नाही. २००७ मध्ये नरांची पाळी आली. कोवळ्या नरांनी आरंभी प्रौढ नरांच्या जवळपास तिप्पट घेतलं, पण वय वाढलं तसे ते प्रौढांच्या पातळीवर आले. म्हणजे नराची उडी मोठी होती, पण मुक्काम लांबला तो मादीचा. पहिल्या आठवड्यावर थांबलेल्या संशोधकाला नेमका उलटा निष्कर्ष मिळाला असता.

सगळ्या प्रयोगशाळांत मात्र हेच चित्र दिसत नाही. उंदराची जात, डोस, रोजचे किती तास, नळीतून की पिण्याच्या पाण्यातून, यावर निकाल हलतो. मादी वजनाने हलकी असते. त्यामुळे तेवढंच पाणी प्यायली तरी दर किलोमागे तिच्या पोटात निकोटिन जास्त जातं. तेव्हा ‘मादी जास्त घेते’ हे वाक्य लिहिण्याआधी हिशेब मिलिग्रॅमचा आहे की मिलिग्रॅम प्रति किलोचा, ते सांगितलंच पाहिजे.

यापेक्षा मोठी अडचण अशी की बहुतेकांनी मादी पिंजऱ्यात घेतलीच नाही. बेरी आणि झुकर यांनी २०११ मध्ये मोजलं, तेव्हा मज्जाविज्ञानात फक्त माद्यांवरच्या एका अभ्यासामागे फक्त नरांवरचे साडेपाच अभ्यास निघाले. कारण ठरलेलं असे: मादीचं चार-पाच दिवसांचं ऋतुचक्र आकडे बिघडवतं. २०१४ मध्ये २९३ शोधनिबंधांतली उंदरांची आकडेवारी तपासली गेली आणि मादीचे आकडे नरापेक्षा अधिक विखुरलेले नसतात, हे दिसून आलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१६ पासून अनुदानासाठी लिंगाचा विचार सक्तीचा केला. तोवर कितीतरी निष्कर्ष नरांवर काढून सर्वांना लागू झाले होते.

आपण मराठी माणसांनी याकडे परक्याची गोष्ट म्हणून पाहू नये. आपल्याकडे बाईची तंबाखू वेगळी आहे. ती ओढली जात नाही. तव्यावर भाजून, कुटून, मशेरी म्हणून दातांना लावली जाते. डॉ. फली मेहता आणि सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या लाखभर खेडुतांच्या पाहणीत, जी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली, मशेरीची ही सवय नोंदली. पुढे १९८० च्या दशकात मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटने मशेरीचा अर्क प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना देऊन पाहिला. तो शोध कर्करोगाचा होता, सवयीचा नव्हता. २००४ मध्ये मुंबईतल्या १,२१७ गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात धूररहित तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली. त्या तंबाखूत मुख्य वाटा मशेरीचाच होता.

आता दोन सर्वेक्षणं शेजारी ठेवतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखू वापरणारे प्रौढ पुरुष ४२.४ टक्के, स्त्रिया १४.२ टक्के. २०१९ च्या शालेय पाहणीत, १३ ते १५ वर्षांच्या मुलांत ९.६ टक्के, मुलींत ७.४ टक्के. पाहण्या वेगळ्या, पद्धती वेगळ्या. सरळ वजाबाकी करू नये. तरी मोठ्यांत तिपटीचं असलेलं अंतर शाळेत एवढं कमी कसं, हा प्रश्न सुटत नाही. पिंजऱ्यातली कळ दोघांनाही सारखीच जवळ असते. घरात आणि रस्त्यावर तशी नसते. मुलीला लोक काय म्हणतील याचा धाक असतो. आजवर मुली कमी दिसल्या त्यात निसर्गाचा वाटा किती आणि या धाकाचा किती, हे प्राण्यांच्या प्रयोगांमुळे निदान विचारता येतं. धाकाला संरक्षण समजून आपण निर्धास्त राहिलो, तर सुवासिक पुड्या विकणारा आपल्यापेक्षा आधी शहाणा होईल.

उंदरावरून मुलीचं भविष्य सांगा, असं मी म्हणत नाही. उंदराला मैत्रिणीचा आग्रह नसतो, परीक्षेचा ताण नसतो, बारीक राहण्याची हौस नसते. पण शरीरातला फरक माणसातही आहे: स्त्रियांचं यकृत निकोटिन लवकर निकामी करतं, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत आणखी लवकर. व्यसन सोडवण्याच्या औषधाचा डोस ठरवताना हे विसरून कसं चालेल?

म्हणून अध्यक्ष या नात्याने तीन मागण्या करतो. एक, आपल्या विभागातून बाहेर पडणाऱ्या व्यसनविषयक प्रबंधांत नर आणि मादी दोन्ही असावेत, आणि एकच घेतला असेल तर कारण पहिल्या पानावर लिहावं. दोन, निकाल मिश्र करून न छापता वेगळे छापावेत, फरक न सापडला तरीही. तीन, शाळांतल्या प्रश्नावलीत ‘तंबाखू घेतेस का?’ एवढं विचारून थांबू नये; मशेरी, गुल, जर्दा ही नावं घेऊन विचारावं. मशेरीने दात घासणारी मुलगी स्वतःला तंबाखू खाणारी समजत नाही, आणि खरं बोलूनही ‘नाही’ म्हणते.

या तीन गोष्टींना नवी इमारत लागत नाही, मोठं अनुदानही लागत नाही. उद्याच्या समारोपात यांवर ठराव मांडावा, अशी विनंती करून मी थांबतो.