टॉवर की मास्ट? एमली मूरने दोन्ही करून पाहिलं

तुमच्या फोनला नेटवर्क देणारा तो जाळीदार लोखंडी टॉवर असतो ना, तो स्वतःच्या पायांवर उभा असतो. मास्टचं तसं नाही. तो बारीक खांब, तीन बाजूंनी तारांनी ताणून धरलेला. मांडवाचा खांब दोरीने ताणतात, तसाच.

पैसे बघाल तर मास्ट घ्या. वाऱ्याचा जोर तारा पेलतात, म्हणून लोखंड कमी लागतं. जागा मात्र हवी. 100 मीटरच्या मास्टच्या तारा साधारण 60 ते 80 मीटर लांब जाऊन जमिनीत बांधाव्या लागतात. शहरात एवढी जागा कोण देतंय!

आणि तारांवर सगळी भिस्त. पोलंडमधला 646 मीटरचा मास्ट 1991 मध्ये तारा बदलतानाच कोसळला.

पण मला जास्त सांगायचंय ते इंग्लंडमधल्या एमली मूरबद्दल. यॉर्कशरच्या त्या उघड्या माळावर 1966 साली टीव्हीसाठी जवळपास 385 मीटरचा मास्ट उभा राहिला. आतून पोकळ, गोल पोलादी नळी. 19 मार्च 1969 ला संध्याकाळी तो पडला. एक तार जवळच्या चॅपलचं छप्पर कापत गेली. कुणाला काही झालं नाही, नशीबच म्हणायचं.

वादळ होतं का? नाही! चौकशीत निघालं की मंद, एकसारखा वाराही पुरतो. गोल नळीच्या मागे भोवरे सुटतात, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. त्या तालावर खांब डोलायला लागतो. वर बर्फाचं ओझं, तेही सगळीकडे सारखं नाही. बेलमाँट आणि विंटर हिलच्या तशाच मास्टमध्ये मग जड साखळ्या टांगल्या, डोलणं आवरायला. ते टिकले.

म्हणजे इलाज होता. तरी एमली मूरला 330 मीटरचा काँक्रीटचा टॉवर बांधला, एकही तार नसलेला. 1971 पासून तो सुरू आहे. मला हे पटतं. ज्यांच्या डोक्यावरून तारा गेल्या, त्यांना साखळीचं गणित काय समजावणार?

आणि 2018 मध्ये याच टॉवरच्या अँटेनाचं काम निघालं, तेव्हा तात्पुरतं प्रक्षेपण चालवायला शेजारी काय उभारलं, माहितीये? तारांचा मास्ट!