बशीतली धडधड

हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात हृदयाच्या स्नायूतल्या सुमारे १०० कोटी पेशी मरू शकतात. जखम भरते, पण तिथे नवा स्नायू येत नाही. राहतो तो व्रण, आणि व्रणाला आकुंचन ठाऊक नसतं. प्रौढ हृदयात वर्षाकाठी जेमतेम एक टक्का पेशी नव्या होतात, उतारवयात त्याहूनही कमी.

मग या पेशी बाहेर वाढवता येतील का? जपानच्या क्योतो विद्यापीठातल्या शिन्या यामानाका यांनी त्याची वाट मोकळी केली. २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या पेशींत त्यांनी चार जनुकं घातली. त्या पेशी मागे फिरल्या आणि पुन्हा मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, झाल्या. २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं.

या मूळपेशींना हृदयाकडे वळवायचं, तर एक रासायनिक संदेश आधी चालू करायचा आणि दोन-तीन दिवसांनी बंद करायचा. वेळ चुकली की भलत्याच पेशी हाती लागतात. सारं जमलं, तर दहाएक दिवसांत सूक्ष्मदर्शकाखाली पेशी वाढवायच्या बशीचा एखादा कोपरा आपोआप धडधडू लागतो. बशी ३७ अंशांच्या उबेतून बाहेर काढली की ठोके मंदावतात. मग पोषकद्रवातलं ग्लुकोज काढून लॅक्टेट देतात. त्यावर हृदयपेशी तगतात, बाकीच्या बहुतेक उपाशी मरतात. निवड अशी होते.

खरी अडचण पुढेच आहे. या पेशी अर्भकावस्थेतल्या असतात, स्वतःच्याच तालात चालतात. माकडांवरच्या प्रयोगांत रोपणानंतर ठोके अनियमित झालेले दिसले. एखादी मूळपेशी तशीच राहिली, तर गाठीचा धोका. जानेवारी २०२० मध्ये ओसाका विद्यापीठात योशिकी सावा यांच्या पथकाने रुग्णाच्या हृदयावर अशा पेशींचे पातळ थर पहिल्यांदा बसवले, तेही या धोक्यांमुळे चाचणी म्हणूनच. नव्या औषधाने ठोके बिघडतात का, हे तपासायला मात्र या पेशी आजही कामी येतात.

तेव्हा चाचणीबाहेर कोणी पैसे घेऊन हृदयासाठी ‘स्टेम सेल’चं इंजेक्शन देऊ केलं, तर ठाम नकार द्या. आपल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे नियमही तेच सांगतात. आणि छातीत दुखू लागलं, तर ‘गॅस असेल’ म्हणून घरी बसू नका. तडक रुग्णालय गाठा. वाचलेला स्नायू हाच आज सगळ्यात खात्रीचा स्नायू आहे.