एका रेणूची ओळख



वर्गाचे सरासरी गुण पन्नास आले, एवढ्यावरून वर्ग कळतो का? कोणाला नव्वद आहेत आणि कोणाला दहा, हे सरासरी सांगत नाही. जीवशास्त्राची अडचण अशीच आहे. रक्ताच्या एका थेंबात अगणित रेणू असतात आणि नेहमीची तपासणी त्या सर्वांचा मिळून हिशेब देते. रोगाची चाहूल देणारे रेणू मात्र सुरुवातीला फार थोडे असू शकतात. मग एकटा रेणू ओळखावा कसा?

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२८ साली दाखवून दिले की, पदार्थातून विखुरलेल्या प्रकाशाचा अल्पसा भाग आपला रंग बदलतो. हा बदल प्रत्येक जातीच्या रेणूचा निराळा असतो; जणू अंगठ्याचा ठसाच! पण कोटीभर प्रकाशकणांत असा एखादाच.

उपाय चांदीत सापडला. चांदीचे अतिसूक्ष्म कण एकमेकांच्या अगदी जवळ आले की मधल्या फटीत प्रकाश एकवटतो. तेथे असलेल्या रेणूचा ठसा कित्येक पटींनी ठळक होतो. १९९७ साली परदेशातील शास्त्रज्ञांनी या रीतीने एकेक रेणू ओळखला. परंतु द्रवातले कण जवळ आणण्यासाठी सहसा रसायन घालावे लागे आणि एकदा चिकटलेले कण पुन्हा सुटत नसत.

या अडचणीवर आपल्याच जिल्ह्यात मार्ग निघाला. पुण्यातील पाषाण येथील आयसर संस्थेत जी. व्ही. पवन कुमार व त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांत विद्यार्थी संशोधकही होते, धातूच्या सपाट थरावर लेसर प्रकाशाच्या साह्याने द्रवातील धातुकण एकत्र आणले. त्याच प्रकाशाने रेणूही ओळखला. शिवाय कण पुन्हा मोकळे करता आले. हे संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले.

आपल्या तालुक्यातील खोडदची महादुर्बीण आपण निमगाव सावाकर जाणतोच. आकाशातील क्षीण लहरी टिपण्यास तेथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या आहेत. रेणूचा क्षीण संदेश टिपण्यास मात्र केसाहून शेकडो पटींनी बारीक कण लागतात.

पाषाणचा हा प्रयोग म्हणजे रोगनिदानाचे यंत्र नव्हे. तेथवर पोहोचण्यास आणखी पुष्कळ परिश्रम हवेत आणि ते करणारी मुले आज कोठल्या तरी वर्गात बसलेली आहेत. म्हणून पालकांनो, मुलाने वा मुलीने भौतिकशास्त्र शिकण्याची इच्छा दाखविली, तर “त्याचा उपयोग काय?” म्हणून तिला मोडता घालू नका. रोग्याच्या उशाशी पोहोचणारी एक वाट प्रकाशाच्या अभ्यासातूनही जाते.