पाण्याला जागा देणारी खाजणे
(वार्षिक संमेलनातील भाषण)



आपणांपैकी अनेकांची मूळ गावे गोमंतकात, मांडवी-जुवारीच्या काठी आहेत. तेथील खाजणांविषयी चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा झाली आहे.

खाजण म्हणजे भरतीचे पाणी जेथवर चढते अशी सखल जमीन. आपल्या पूर्वजांनी तिच्या कडेने चिकणमातीचा बांध घातला. परंतु पाण्याची वाट सर्वस्वी अडविली नाही. बांधात त्यांनी लाकडी दारांची मानस बसविली. भरतीच्या दाबाने ही दारे मिटतात. ओहोटी लागली की आतील पाण्याच्या दाबाने उघडतात. डोंगरावरून उतरणारे पावसाचे पाणी, भरती असेतोवर, आतील तळ्यात थांबते व मग नदीस मिळते. पावसाने जमिनीतील खार धुतला जाऊन कोरगूट भात पिकते. बांधाबाहेरील तिवरांचे रान लाटांचा जोर मोडते. शेत, तळे, रान व बांध मिळून हे एकच यंत्र आहे. त्यास इंधन लागत नाही.

इंधन लागत नसले, तरी राखण लागते. पूर्वी गावकारी, म्हणजेच कोमुनिदाद, ही राखण करी. १९६४ च्या कूळकायद्यानंतर बांधांचा भार कूळसंघांवर आला. आज कित्येक ठिकाणी मासळीच्या लोभाने मानशीची दारे अवेळी उघडली जातात. पडलेले भगदाड वेळेवर बुजविले जात नाही. खारे पाणी शिरून शेत पडीक होते आणि पडीक शेतावर भराव पडतो. मग पाण्याने जावे कोठे?

याचे उत्तर मुंबईकर बांधवांनी अनुभविले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस झाला. एवढ्या पावसाने कोठेही पूर यावयाचाच. परंतु मिठी नदीकाठची दलदल व तिवरे भरावाखाली आकसली होती, म्हणून पाण्याने घरांत जागा शोधली.

तेव्हा आमची नम्र विनंती अशी की, चतुर्थीस गावी जाल तेव्हा बांधावरून एक फेरी अवश्य घालावी. भगदाड दिसल्यास कूळसंघास व मामलेदारास लेखी कळवावे. पडीक खाजण भरावासाठी देण्यापूर्वी शेजाऱ्याच्या घराचा विचार करावा. पूर्वजांनी पाण्याशी केलेला करार आपल्या हातून मोडू नये, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.