मूळ स्वराची जागा



बाईंनी पेटीवर पांढरी एकचा सा धरून सा-ग-प शिकवलं. पन्नाशीनंतर पियानोवर जॅझ शिकू लागलो. त्याच सा-ग-प मध्ये नी आणि वरचा रे मिळवला की सी मेजर नाइन! पण पाच सूर डाव्या हातात मावेनात. सगळं गढूळ वाजे.

मग कळलं, मूळ स्वर सोडायचा. तो बेस गिटारवाला वाजवतो. आपण म-ध-सा-ग धरायचं, की डी मायनर नाइन. त्यातल्या सा चा नी केला, की जी थर्टीन. एकच बोट हलतं.

आमचा बेसवाला आपल्याच वर्गातला, शेवटच्या बाकावरचा. यंदा तो आपल्यात नाही. मूळ स्वर मी अजूनही वाजवत नाही. ती जागा त्याची आहे.