अर्ध्या हळकुंडानं पिवळं होऊ नका



वसमतच्या मोंढ्यात हळद घेणारा व्यापारी लांबून ढीग बघून भाव बोलत नाही. तो हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग बघतो आणि मग आकडा सांगतो. कॉलेजातला कबड्डीचा चढाईपटू असाच मोडून बघावा लागतो. आपण मात्र ढिगावरच खूश होतो.

आज हा विषय काढायला कारण आहे. प्रो कबड्डीच्या लिलावात आता विद्यापीठांची पोरं येतात. २०२३ मध्ये दहाव्या हंगामासाठी खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतल्या दोन अंतिम संघांचे मिळून २४ खेळाडू यादीत घेतले होते. प्रत्येक संघाच्या हाती ५ कोटी रुपये, आणि सर्वांत खालच्या ड गटाची बोली सुरू व्हायची ९ लाखांपासून. हिंगोली-कळमनुरीच्या पोराची वाट आंतरमहाविद्यालयीन सामन्यांतून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या संघात आणि तिथून पुढे देशपातळीवर जाते.

गावात बोललं जातं एवढंच, "पोरानं एका मॅचमध्ये पंधरा गुण काढले!" बरं, पण कोणासमोर? समोर सात गडी होते की तीनच उरले होते? बोनस मिळतो तो सहा किंवा सात गडी मैदानात असतानाच. तेव्हा पंधरात बोनस किती आणि टिपलेले गडी किती, हे वेगळं मोजा. रिकाम्या चढाया किती गेल्या, तेही मोजा. संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. त्या तीस सेकंदांत पोराचे पाय काय करतात, ते बघा. मला विचाराल तर बाकीच्या सगळ्या गुणांपेक्षा मी ही तिसरी चढाई वर धरीन. कोपऱ्यातल्या गड्यानं एकदा घोटा धरून पाडल्यावर तोच पोरगा पुढच्या वेळी त्या कोपऱ्याकडे जातो की टाळतो, हेही कुठल्या गुणतक्त्यात सापडत नाही. आणखी एक. मातीवर वाढलेला पाय मॅटवर बूट घालून वळताना अडखळतो. तेवढ्यावरून त्याला नापास करू नका, सरावाला अवधी द्या.

ढिगावर खूश होण्याचा हाच घोळ अमेरिकेतही. त्यांच्या फुटबॉलमध्ये लांबवरून आलेला चेंडू झेलणाऱ्या कॉलेजच्या पोरांना निवडीआधी चाळीस यार्ड पळवून घड्याळ लावतात. पण घड्याळातून सगळं कळत नाही. असाच चेंडू झेलणारा जेरी राइस मिसिसिपीतल्या एका छोट्या कॉलेजातला. १९८५ च्या निवडीत त्याचं नाव सोळाव्या क्रमांकावर आलं. पुढे त्यानं १५४९ झेल घेतले. तो विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे.

आपल्याकडचं उदाहरण चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईचं. २०१८ च्या प्रो कबड्डी लिलावात यू मुंबा संघानं त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतलं. त्या हंगामात त्यानं चढाईचे २१८ गुण मिळवले, आणि पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सनं १ कोटी ४५ लाख मोजले. माणूस तोच, एका वर्षात भाव जवळजवळ चौपट! पहिल्या लिलावात बसलेल्यांनी हळकुंड नीट मोडलं नव्हतं, असंच मी म्हणेन.

म्हणून क्रीडाशिक्षकांना एक विनंती. पुढच्या सामन्याला शंभर पानी वही घेऊन बसा. प्रत्येक चढाईला एक ओळ द्या: समोर गडी किती, चढाई कितवी, काय मिळालं. वही हंगामभर भरा, आणि पोराला विद्यापीठाच्या निवड चाचणीला पाठवताना ती त्याच्या हातात द्या.