रक्त आलं नाही, म्हणून मार छोटा नसतो

आमच्या गटातली एक ताई बचतीचा हिशोब विसरू लागली. आम्ही हसलो. मग कळलं, नवरा तिचं डोकं भिंतीवर आपटायचा. रक्त नाही, जखम नाही, म्हणून ती गप्प.

मेंदू मऊ असतो, हिसक्यानं कवटीत हलतो. स्कॅनमध्ये काही दिसलं नाही तरी डोकेदुखी, चक्कर, विसराळूपणा, चिडचिड होऊ शकते. पहिली इजा भरायच्या आत पुन्हा मार बसला, तर धोका वाढतो. ठोसे खाणाऱ्या बॉक्सरांबद्दल डॉक्टरांनी १९२८ सालीच लिहून ठेवलंय.

उलट्या, फिट, शुद्ध हरपली तर लगेच दवाखाना. डॉक्टरांना खरं कारण सांगा. मदतीसाठी १८१ लावा. आणि विसरणारीला हसण्याआधी विचारा, "डोक्याला लागलंय का गं?"